रोजचा नारळ, वाटण आणि कणिक : ओट्यावर नेमकी कोणती साधनं ठेवावीत?
(ही एका चर्चेतली प्रश्नोत्तरं आहेत. प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

पाटावरवंटा :
चार माणसांचा स्वयंपाक, त्यातले दोन डबे सकाळी साडेसातला तयार हवेत. जेवण कोकणी वळणाचं, त्यामुळे रोज अर्धा नारळ तरी लागतो आणि एक दिवसाआड वाटणाची आमटी किंवा उसळ असते. ओटा ग्रॅनाइटचा, लांबीला कमी. जाणकारांकडून हे हवंय :

१) गुडघ्यांमुळे खाली बसून विळीवर खवणं बंद करायचंय. ओट्यावर चिकटणारी, हाताने फिरवायची खवणी टिकते का? ती घसरते असं बरेच जण म्हणतात.
२) मिक्सरमध्ये वाटण गंधासारखं होत नाही. खोबरं नुसतंच गरगरतं, जार तापतो आणि मध्येच मिक्सर बंद पडतो. मिक्सर ५०० वॉटचा आहे.
३) कणकेसाठी फूड प्रोसेसर घ्यावा का?
४) दोरी ओढायचा चॉपर आणि लसूण सोलायची रबरी नळी, यांत काही अर्थ आहे का?

जागा कमी असल्यामुळे प्रत्येक वस्तू विचार करूनच घ्यायची आहे.

आडाळी :
नारळाचं सांगते.

चिकटणारी खवणी ग्रॅनाइटवर उत्तम बसते. ती घसरते याचं कारण बहुतेक वेळा ओट्यावरचा तेलकट थर असतो. जागा साबणाने पुसून कोरडी करा, खवणीच्या तळाच्या रबराच्या कडेवरून ओलं बोट फिरवा, दाबून बसवा आणि मगच खटका ओढा. दोन फरश्यांच्या सांध्यावर किंवा खडबडीत कडाप्प्यावर ती धरणारच नाही, कारण फटीतून हवा आत शिरते. काम झालं की खटका सैल करून ठेवा. खटका ओढलेल्या अवस्थेत महिनोन्महिने ठेवली तर रबर वाकडं होतं आणि मग कितीही पुसलं तरी पकड येत नाही. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची खवणी जास्त घट्ट बसते, पण ओट्याची कड गोल घडवलेली असेल तर तिचा जबडा नीट बसत नाही. घेण्यापूर्वी कडेची जाडी मोजून जा.

दुकानात पात्याचे दात बघा. बारीक आणि दाट दात असलेलं घुमटाकार पातं घ्या. मोठे विरळ दात खोबऱ्याचे तुकडे पाडतात. खवताना वाटी पात्यावर जोराने दाबायची नाही, एका हाताने हलकेच धरायची आणि दुसऱ्याने मूठ फिरवायची. आधी मधला भाग, मग वाटी तिरकी करत कडा. तपकिरी साल दिसायला लागली की लगेच जागा बदला, नाहीतर सोलकढीला आणि पांढऱ्या चटणीला मळकट रंग येतो.

अर्धं काम नारळ फोडतानाच होतं किंवा बिघडतं. डोळ्यांचं टोक आणि खालचं टोक यांच्या बरोबर मध्ये जी आडवी रेषा येते, तिच्यावर कोयत्याच्या पाठीने टोले द्यायचे आणि प्रत्येक टोल्याला नारळ थोडा फिरवायचा. एकाच जागी जोरात मारलं की तिरका फुटतो, आणि तिरकी वाटी खवणीवर नीट बसत नाही. डोळे कोरडे आहेत ना आणि हलवल्यावर पाणी वाजतंय ना, हे घेतानाच बघावं. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी असली तर तो नारळ घेऊ नये.

रोज खवण्यापेक्षा आठवड्याचे तीन-चार नारळ एकदम खवून फ्रीझरमध्ये ठेवणं सोयीचं. मध्यम नारळाचं साधारण दोन ते अडीच वाट्या खोबरं निघतं. पिशवीत गोळा करून भरू नका. बोटाच्या जाडीइतका सपाट थर करा, हवा काढा आणि सुरीच्या पाठीने चौकोनाच्या रेघा पाडून गोठवा. लागेल तेवढाच चौकोन तोडता येतो. असं खोबरं दोन महिने चांगलं राहतं. फ्रीजच्या खालच्या भागात तीन-चार दिवसांत ते बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो.

खवायचंच नसेल तर फोडलेल्या वाट्या दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटांनी करवंटी आणि खोबऱ्याच्या मध्ये बोथट सुरी घाला. खोबरं करवंटीपासून सुटतं. बटाट्याच्या सोलण्याने तपकिरी साल काढा, बोराएवढे तुकडे करा आणि मिक्सरमध्ये पाणी न घालता दोन-दोन सेकंदांचे तीन-चार झटके द्या. मात्र हे खोबरं रवाळ, दाणेदार होतं. खवलेल्या खोबऱ्याचे पातळ मऊ पापुद्रे असतात, ते यात मिळत नाहीत. वाटण, चटणी, वड्या यांना दाणेदार खोबरं चालतं. उकडीच्या मोदकांचं सारण आणि पोह्यांवर पेरायचं खोबरं मात्र खवलेलंच हवं. मोदकाच्या सारणात ते दाणे दाताखाली येतात आणि गूळही त्यांत नीट मुरत नाही.

कपलर :
मिक्सरबद्दल. ५०० वॉटचा मिक्सर चार माणसांच्या वाटणाला पुरतो. नवीन घेण्याआधी पद्धत बदलून बघा.

खोबरं नुसतं गरगरण्याची कारणं दोनच. एकतर जार मोठा आणि माल कमी : पातं बुडत नाही, तुकडे भिंतीवर उडतात आणि पात्याभोवती पोकळी तयार होते. किंवा सुरुवातीलाच पाणी जास्त : मग तुकडे पाण्यासोबत फिरतात, पात्याला घासतच नाहीत. एक-दीड वाटी खोबऱ्याचं वाटण नेहमी चटणीच्या छोट्या जारमध्येच करा. पातं पूर्ण झाकलं पाहिजे आणि जार दोन तृतीयांशाच्या वर भरता कामा नये.

क्रम महत्त्वाचा. सुक्या मिरच्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, नाहीतर सालाचे तुकडे शेवटपर्यंत राहतात. आधी धने, मिरी वगैरे कोरडा मसाला, तिरफळं वगळून, नुसताच फिरवा. (तिरफळं वाटणात घालू नयेत, ठेचून वरून आमटीत टाकावीत.) मग मिरच्या आणि चिंच घालून दोन चमचे पाण्यात वाटा. खोबरं सगळ्यात शेवटी. एक वाटी खोबऱ्याला पाव वाटी पाणी, तेही दोन वेळा विभागून. पहिल्या वेगावर २० सेकंद, बंद करून कडा खरवडा, मग सर्वांत वरच्या वेगावर ४० सेकंद, एक मिनिट थांबा, पुन्हा ४० सेकंद. दोन बोटांत चोळून कण लागला नाही की झालं. सलग तीन मिनिटं फिरवून वाटण बारीक होत नाही, फक्त तापतं आणि खोबऱ्याचं तेल सुटायला लागतं.

भाजलेला कांदा-खोबरं पूर्ण गार झाल्याशिवाय जारमध्ये घालू नका. बंद जारमध्ये वाफ कोंडते आणि झाकण उडून हात-तोंड भाजतं.

मिक्सर मध्येच बंद पडतो म्हणजे तळाचं लाल बटण उडालंय. ते मोटारीच्या बचावासाठीच असतं. प्लग काढा, जारमधला अर्धा माल काढा, पाच-दहा मिनिटांनी बटण दाबा. हलका माल असूनही वारंवार उडत असेल तर जार रिकामा करून त्याच्या खालचा दांडा हाताने फिरवून बघा. सहज फिरला पाहिजे. जड जात असेल तर बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या जारच्या तळाच्या नळीत) पाणी आणि मसाला जाऊन तो धरलाय. जारच्या खालून काळपट पाणी झिरपत असेल तर बुश किंवा वॉशर झिजलाय. तो जार तसाच वापरू नका, काळेपणा वाटणात उतरतो. दुरुस्तीच्या दुकानात बुश, वॉशर आणि पातं बदलून मिळतं आणि नव्या जारपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. मिक्सरवरचा रबरी किंवा प्लास्टिकचा कपलर (मोटार आणि जार जोडणारा भाग) तुटला तर घाबरू नका. पातं अडकलं की मोटार जळण्याआधी तो तुटावा, अशीच त्याची रचना असते.

खडे मीठ फिरवून पात्याला धार येते हे खरं नाही. पात्यावर चिकटलेला चिकट थर निघतो, म्हणून काप बरा वाटतो. बोथट पातं बदलावंच लागतं.

धुण्याची सवय : वापर झाला की लगेच अर्धा जार कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, २० सेकंद फिरवून ओता. मग जार उलटा ठेवून वाळवा. खालच्या बाजूला पाणी साचून राहिलं की बुश लवकर जातो.

दूरदेशी :
परदेशातल्या वाचकांसाठी एकच मुद्दा. भारतातला मिक्सर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. युरोपात फक्त प्लगचा अडॅप्टर लागतो. अमेरिकेत आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असल्याने तिथला खास ११० व्होल्टचा मिक्सरच घ्यावा. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत. शिवाय मिक्सर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या वॉटच्या किमान दुप्पट क्षमतेचा आणि चांगलाच वजनदार लागतो. परदेशातल्या भारतीय दुकानांत खवलेलं गोठवलेलं खोबरं मिळतं, ते वाटणाला उत्तम. सुकं डेसिकेटेड खोबरं मात्र ओल्याच्या जागी वापरू नये, आमटी चोथट होते.

तिंबलेली_कणिक :
पाटावरवंटा, तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला धरून.

साधन घेताना ते किती सेकंदांत चिरतं हे बघू नये. काढायला, जोडायला, धुवायला आणि वाळवायला किती वेळ जातो तो धरून हिशेब करावा. फूड प्रोसेसरचं भांडं, पातं, झाकण आणि दांडा धुवायला पाच मिनिटं लागतात. पाव किलो कणिक हाताने भिजवून तिंबायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे वेळ काही वाचत नाही. अर्धा किलोच्या पुढे, किंवा मनगट-खांदा दुखत असेल तर फूड प्रोसेसर नक्की घ्यावा. तो ओट्यावर कायम मांडलेला राहणार नसेल तर घेऊ नका. कपाटातून रोज कुणी काढत नाही.

मळण्याचं पातं बोथट, बहुधा प्लास्टिकचं असतं. कापायचं धारदार पातं लावून कणिक मळू नका. प्रमाण : गिरणीची कणिक ५०० ग्रॅम, मीठ एक छोटा चमचा, तेल दोन छोटे चमचे, पाणी ३०० मिली हाताशी घेऊन. आधी कणिक, मीठ, तेल दहा सेकंद फिरवा. मग झाकणातल्या नळीतून पाण्याची बारीक धार सोडत जा. मिनिटभरात रव्यासारखे गोळे दिसतात आणि मग एकच गोळा होऊन भांड्याच्या कडा स्वच्छ सुटतात. तिथेच थांबा. गोळा झाला नाही तर आणखी २०-२५ मिली पाणी. गिरणीचं ताजं, कोंड्यासकट दळलेलं पीठ जास्त पाणी पितं, पाकिटातलं बारीक पीठ थोडं कमी. सगळं पाणी एकदम ओतलं तर खाली चिखल होतो आणि वर कोरडं पीठ राहतं.

गोळा झाल्यावरही फिरवत राहिलं की कणिक तापते आणि पोळी चिवट होते. बाहेर काढून तेलाच्या हाताने दोन मिनिटं तिंबा आणि २० मिनिटं झाकून ठेवा. ही २० मिनिटं यंत्र वाचवू शकत नाही. तेवढ्या वेळात कोंडा पाणी शोषतो आणि पोळी लाटताना आक्रसत नाही.

दोरीचा चॉपर घ्या, स्वस्त आणि कामाचा आहे. पण त्याच्या मर्यादा कळल्या पाहिजेत. कांद्याच्या चार-सहा फोडी, भांडं निम्मं, आठ-दहा ओढी : पोह्यांचा, उपम्याचा कांदा तयार. पंधरा ओढी दिल्या की पाणी सुटतं, आणि असा कांदा फोडणीत परतण्याऐवजी शिजतो. भजीचा उभा कांदा यात होत नाही. कोथिंबीर, मेथी यात घालू नका, पानं चिरली न जाता चुरगळतात आणि काळी पडतात. पालेभाजीला विळी किंवा धारदार सुरीच हवी. दोरी सरळ ओढायची, तिरकी ओढली की कडेला घासून तुटते. झाकण पाण्यात बुडवून ठेवू नका, आतली स्प्रिंग गंजते. ओल्या फडक्याने पुसायचं.

सुरीला धार नसेल तर चॉपर घ्यायची घाई करू नका, आधी धार लावून घ्या. बोथट सुरी कांदा चिरत नाही, चेचते. पेशी जास्त फुटतात आणि डोळ्यांत पाणीही जास्त येतं. कांदे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून चिरले तर फरक पडतो. मुळाकडचं टोक शेवटी कापायचं.

लसणीची रबरी नळी जुन्या, वाळलेल्या लसणीवर चालते. नव्या ओल्या लसणीवर नाही, तिचं साल चिकटून बसलेलं असतं. पण स्टीलची दोन सारख्या तोंडाची पातेली असतील तर नळीची गरज नाही. पाकळ्या सुट्या करून एका पातेल्यात टाका, दुसरं उपडं घाला, कडा घट्ट धरून २०-३० सेकंद जोरात हलवा. वाळलेल्या लसणीच्या बऱ्याच पाकळ्या सोलून निघतात. उरलेल्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकल्या की साल हाताने सुटतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. सोललेली लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणीला चिकटलेल्या मातीतले बोट्युलिझमचे जंतू तिथे वाढू शकतात. वास किंवा चव बदलत नाही, त्यामुळे कळतही नाही. तेलातली लसूण फ्रीजमध्येच ठेवायची आणि चार दिवसांत संपवायची. जास्त दिवसांसाठी आलं-लसूण वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

आणि टोमॅटोसाठी काहीच विकत घेऊ नका. आडवा अर्धा कापून कापलेली बाजू किसणीवर घासा. गर खाली पडतो, साल हातात राहतं.

पाटावरवंटा :
सगळ्यांचे आभार. चिकटणारी खवणी आणि दोरीचा चॉपर नक्की, फूड प्रोसेसर तूर्त नको. मिक्सरचा दांडा फिरवून बघितला, जडच जातोय. बुश बदलायला देते.

दोन शंका. फ्रीझरमधलं खोबरं तसंच मिक्सरला लावायचं का? आणि पुरण मिक्सरमध्ये केलं तर चालतं का, की पुरणयंत्र लागतंच?

कपलर :
पुरणाचं माझं मत : मिक्सरमध्ये करू नका. गरम पुरण बंद जारमध्ये घालणं धोक्याचं, आणि गार झालेलं पुरण इतकं घट्ट होतं की मोटार ओढत नाही. त्यात पाणी घालून सैल केलं तर पोळी लाटताना फुटते.

आडाळी :
पुरणयंत्रच घ्या, स्टीलचं, फिरवायच्या दांड्याचं. जाळ्या दोन-तीन येतात, पुरणपोळीला सर्वांत बारीक.

एक वाटी हरभरा डाळ तासभर भिजवा. तीन वाट्या पाणी, चिमूट हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला एक शिट्टी मोठ्या आचेवर आणि मग मंद आचेवर १२-१५ मिनिटं. डाळ बोटांत दाबली की लगेच मोडली पाहिजे. मधला कण कच्चा राहिला तर तो जाळीत अडकतो, आणि गूळ घातल्यावर डाळ पुढे शिजत नाही. चाळणीवर पूर्ण निथळा, कट (निथळलेलं पाणी) आमटीला ठेवा. डाळीबरोबर एक वाटी चिरलेला गूळ घालून उलथनं उभं राहीपर्यंत आटवा आणि गरम असतानाच यंत्रातून काढा. दांडा फिरवायला जड वाटत असेल तर क्रम बदला : निथळलेली गरम डाळ आधी यंत्रातून काढा, मग गूळ घालून आटवा. हे हाताला फार हलकं जातं. फक्त बारीक झालेलं पुरण तळाला पटकन लागतं, म्हणून जाड बुडाची कढई आणि सतत ढवळणं. जाळी लगेच पाण्यात टाका, वाळलेलं पुरण भोकांतून निघता निघत नाही.

फ्रीझरमधलं खोबरं थेट वाटू नका. खोबऱ्याचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंड खोबरं वाटलं की तेच लोण्यासारखं जारच्या भिंतीला चिकटतं, आणि वाटण गुठळ्यांचं होतं. चौकोन रात्री फ्रीजच्या खालच्या भागात काढून ठेवा आणि सकाळी वाटताना पाणी कोमट वापरा. सोलकढीसाठी तर कोमट पाणी हवंच, दूध जास्त निघतं. दोन वाट्या खोबऱ्याला पहिल्यांदा एक वाटी कोमट पाणी, वाटून सुती फडक्यातून पिळा. तोच चोथा पुन्हा पाऊण वाटी पाण्यात फिरवून पिळा. दोन्ही दूध एकत्र करून गार झाल्यावर मगच आगळ (कोकमाचा रस) घाला.